वकिलाच्या कोट्या, पत्रकाराची रणदुंदुभि
१९२७ साल आलं ते 'रणदुंदुभि' घेऊन. नाटककार अमरावतीचे वीर वामनराव जोशी, चाली वझेबुवांच्या, खेळ बलवंत संगीत मंडळीचा आणि तेजस्विनीच्या भूमिकेत मास्टर दीनानाथ. राज्य काल्पनिक असलं तरी गुलामीची चीड कुणाची, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. वामनराव तुरुंग भोगलेले पत्रकार, सूर तापलेलाच असायचा.

त्याच वर्षी २७ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या झिगफेल्ड थिएटरात 'शो बोट' लागलं. जेरोम कर्नचं संगीत, ऑस्कर हॅमरस्टाइनची गीतं, मिसिसिपी नदीवरच्या नाटकवाल्या बोटीची गोष्ट. त्याआधी १९२१ मध्ये कृष्णवर्णीय कलावंतांनी स्वतः लिहिलेल्या, स्वतः खेळलेल्या 'शफल अलाँग'नं ब्रॉडवेला जॅझची चटक लावली होती. 'शो बोट'नं पुढचं केलं: हशा, नाच आणि वर्णभेदाची कळ एकाच कथेत आणली.

अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडाकडेही हशा आणि कळ या दोन्ही बाजू होत्या, पण दोन वेगळ्या माणसांकडे. हशाची बाजू श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद इथं वकिली केलेला हा नाटककार गडकऱ्यांचा गुरू. किर्लोस्कर मंडळीनं १८९६ मध्ये त्यांचं 'वीरतनय' केलं, तेव्हा कीर्तन-लावणीच्या वळणावर रुळलेल्या कानांना पारशी रंगभूमीच्या ठसकेबाज चाली ऐकू आल्या. पुढं 'मूकनायक'मध्ये (१९०१) मद्यपानासारखा विषय त्यांनी कोट्यांत आणि मुका झाल्याचं सोंग घेणाऱ्या नायकात गुंफला. मराठीतली खरी संगीत विनोदिका इथं जन्मायला हरकत नव्हती. अडलं ते पदांवर. चाल आधी, शब्द मागून; कथा थांबायची, पद व्हायचं, मग कथा पुन्हा चालू. १९११ च्या 'मानापमान' नाटकानंतर तर रागदारीचा आणि वन्समोअरचा जमाना आला, त्यात या चाली फिक्या पडल्या.

वामनरावांकडं विषयाची धग होती, कोल्हटकरांकडं मिश्कीलपणा. एका नाटकात ते जुळलं नाही. तेवढ्यात बोलपट आला. १९३४ मध्ये कोल्हटकर गेले आणि त्याच वर्षी दीनानाथांच्या मंडळीचा 'कृष्णार्जुन युद्ध' चित्रपट आला.

'रणदुंदुभि'ची पदं मैफलींत टिकली. 'मूकनायक'चं काय? अकोल्याच्या एखाद्या हौशी संस्थेनं निम्मी पदं कापून ते पुन्हा उभं करावं; कोट्या अजून चालतील.