बाकी पुढे ओढताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नियमित देखभाल थांबवली आणि वसई-विरारमधल्या अनेक घरांत एकच विषय निघाला : नवा संगणक घ्यायचा, तर जुन्यातल्या सामानाचे काय? दुकानदार म्हणतो, 'कॉपी-पेस्ट आहे काका, तासाभराचे काम!' असेलही, पण कॉपी झाली म्हणजे काम झाले, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पटत नाही.

बँकेत लेजरचे पान भरले की बाकी नव्या पानावर ओढत. एक जण ओढी, दुसरा तपासून सही करी. लेजरच नवे असेल, तर सगळ्या बाक्यांची बेरीज जुळल्याशिवाय जुने कपाटात जात नसे. १९८४च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांत यंत्रे येऊ लागली, पण बाकी जुळवण्यातून सुटका झाली नाही. घरच्या संगणकालाही तोच नियम लावावा. दोन्हीकडच्या फाईलींची संख्या मोजावी. सोसायटीचा हिशेब असेल तर नव्या यंत्रावर उघडून शेवटची शिल्लक पासबुकाशी ताडावी.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण आणखी निराळी. नव्वदच्या दशकात आपण लिहिले ते 'श्रीलिपी', 'शिवाजी' अशा फाँटांत. यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरे नि चिन्हेच. वर मुखवटा देवनागरीचा. नव्या यंत्रात तो फाँट नसला की मुखवटा गळतो आणि कादंबरीच्या जागी चिन्हांची भेळ दिसते. फाईल शाबूत, पण वाचता येत नाही! ती युनिकोडमध्ये आणावी लागते. तिथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. पण 'किती'तली पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते आणि जुन्या फाँटांत साठतेही आधीच. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला हा क्रम उलटवावा लागतो, आणि रफार, जोडाक्षरे आली की तो अडखळतो. 'दुसऱ्या'चे 'दुसर्‍‌या' होऊन बसते. माझ्या एका कादंबरीचे रूपांतर मिनिटभरात झाले. तपासणी तीन आठवडे चालली. सौ. पडद्यावरचे मोठ्याने वाची, मी छापील प्रत धरून बसे.

ई-मेल वगैरे खात्यांचे मात्र थोडक्यात सांगतो. पासवर्ड जुन्या यंत्राला पाठ असतात, आपल्याला नसतात. म्हणून ते पुसण्याआधी प्रत्येक खाते नव्यावर एकदा उघडावे. त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, तेही पाहावे. बऱ्याच घरांत तो परदेशी गेलेल्या मुलाचा, कधीच बंद झालेला नंबर निघतो.

२०१८च्या जुलैत वसईत पाणी भरले, तेव्हा तळमजल्यांवर जमिनीलगतचे काहीच सुरक्षित नव्हते. म्हणून सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी ठेवली आहे. जुना संगणक अजून विकलेला नाही. दिवाळी अंकांतल्या कथांची एक फाईल तपासायची राहिली आहे.