कोकणात माठ गार होत नाही

मार्च सरला, शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. गेल्या आठवड्यात एका दांपत्याने तोच विचारला. सोबत सत्तरीचे वडील, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मे महिन्यात पाच दिवस दापोलीजवळच्या मुरुडला जायचे ठरत होते. उठता उठता सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, इथल्या उन्हातून मामंजींची तेवढीच सुटका. तिकडं गार असेल ना?"

मी त्यांना पुन्हा बसायला सांगितले.

वाचकहो, जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, धुळ्यातही फारसा फरक नसतो. रत्नागिरीला त्याच दिवशी ३२-३३ अंश असतात. आकडे पाहिले तर कोणालाही वाटेल, तिकडे थंडावाच. पण आपल्या अंगणातला माठ आठवा. त्यातले पाणी गार होते ते बाहेर पाझरलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते म्हणून. आपले कूलरही त्याच तत्त्वावर चालतात. कोकणातल्या दमट हवेत माठ पाझरतो, पण पाणी उडत नाही. आपले शरीर हाही एक माठच आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम अंगावरून नुसता ओघळला, तर पाणी गेले, मीठ गेले आणि उष्णता आतच राहिली.

हे सारे मी वैद्यकीच्या पुस्तकात वाचले होते. तरीही काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना, नानांना, भर मे महिन्यात हर्णैला घेऊन गेलो. निघताना आईने शंका काढली, तर नाना आपल्या अहिराणीत म्हणाले, "आमले काय ऊन लागस?" आयुष्यभर कपाशीच्या शेतात उभा राहिलेला माणूस, त्यांना कोण समजावणार? तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास होडीने सुवर्णदुर्ग पाहायला गेलो. आडोसा नाही, सावली थोडी. त्यांना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू होती आणि प्रवासात अडचण नको म्हणून सकाळपासून ते पाणीच कमी प्यायले होते. हे मला नंतर कळले. परत येताना पायात गोळे आले, उलटी झाली आणि किनाऱ्यावर उतरल्यावर ते मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारू लागले. तिथल्या डॉक्टरांनी तातडीने सलाइन लावले, म्हणून संध्याकाळी नाना उठून बसले. त्या दिवशी तापमान होते ३३ अंश. मुलगा डॉक्टर असून ही वेळ आली, याची लाज मला आजही वाटते.

म्हणून सांगतो, घरात वृद्ध, हृदयविकाराचा रुग्ण किंवा गरोदर स्त्री असेल, तर सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आखा. युरोपातले लोक भर उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठच्या खेड्यांत जातात, ते सिनेमात पाहून आपल्यालाही तसे वाटते. तिकडे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्या किनाऱ्याचे गणित उलटे आहे. मेमध्येच जायचे असेल, तर पहिले दोन-तीन दिवस दगदग नको आणि अकरा ते चार घराबाहेर पडू नका. तहान लागण्याची वाट न पाहता ताक, मीठ घातलेले लिंबूपाणी घेत राहा. जुलाब-उलट्या झाल्या, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पाणी-मिठाचे प्रमाण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजू लागले, तर तो उष्माघात समजा. तापाची गोळी इथे उपयोगी पडत नाही. सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा, वारा घाला आणि १०८ वर फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आपल्याकडे इन्सुलिनची बाटली माठाच्या गारव्यात ठेवण्याची युक्ती बरेच जण करतात. कोकणात ती फसते, हे आता वेगळे सांगायला नको. उतरण्याच्या ठिकाणी फ्रीज आहे का, हे आधी विचारून घ्या.

प्रवासाचे फार सांगत नाही. भुसावळहून मंगला एक्स्प्रेस थेट कोकण रेल्वेच्या मार्गाने जाते. रस्त्याने जाणाऱ्यांना घाट आहेतच. गाडी लागणाऱ्यांनी त्यासाठीची गोळी निघण्याआधी घ्यावी, मात्र तिने झोप येते, चालवणाऱ्याने घेऊ नये.

समुद्राविषयी मात्र बोलायलाच हवे. आपली पोरे विहिरीत सूर मारून पोहायला शिकतात, फार तर गिरणा-तापीच्या डोहात. विहिरीचे पाणी माणसाला ओढत नाही. समुद्राचे ओढते, विशेषतः ओहोटीला. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तास पाणी मागे सरत असते. हा अंदाज आहे, खात्रीसाठी गावातल्या कोळ्यांना विचारा आणि ते नको म्हणाले तर गुडघ्यापुढे जाऊ नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. कोणी बुडताना दिसला तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. एकामागे तिघे गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आणि सकाळी बूट झटकून घाला. कोकणातला लाल विंचू घातक. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचूदंशाचे रुग्ण वाचवता येतात, हे दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखाना गाठा.

एवढे ऐकल्यावर त्या दांपत्याने एकमेकांकडे पाहिले. सहल जानेवारीवर गेली. सासरेबुवा मात्र नाराज दिसले. म्हणाले, "जानेवारीत आंबा कुठला मिळायला?"

मी म्हटले, "पेटी मागवून घ्या, दादा. आमच्याकडेही दरवर्षी येते. नाना आता मेमध्ये घरीच कूलरपुढे बसून हापूस खातात."