फिका हरीस

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतून माणसे आखातात नोकरीला गेली आणि त्यांचे कित्येक रमजान तिकडेच सरले. मशिदीलगतच्या तंबूत, अनोळखी माणसांच्या पंगतीत इफ्तारला समोर यायचा तो हरीस. भिजवलेला गहू आणि मटण तासन्‌तास मंद आचेवर शिजवून, घोटून एकजीव करतात. मीठ, किंचित दालचिनी, वरून तूप, बस्स. हैदराबादी हलीम हा याचाच मसालेदार वारस. २०२३ मध्ये अमिरात, ओमान आणि सौदीच्या हरीसची युनेस्कोने वारसा यादीत नोंद केली. परतलेले बाप आता तो घरीच रांधतात. घोटता घोटता शेजारी जेवायला बसणारा पठाण, बंगाली आठवतो. मुलांना मात्र हरीस फिका लागतो. ती मिरचीची चटणी मागतात. त्या वर्षांत त्यांनी रोजे वडिलांविनाच सोडले होते.