गाठीत पेरलेलं हाफ्नियम

रेडिएशनला आपल्याकडे बरेच जण ‘शेक देणं’ म्हणतात. त्यामुळे गाठ उष्णतेनं भाजली जाते, असा समज होतो. प्रत्यक्षात क्ष-किरण पेशींमधल्या अणूंवर आदळतात आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. ते पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून तयार होणारे तीव्र घटक पेशीचा डीएनए तोडतात आणि पेशी मरते.

मग डोस वाढवत का नाही? कारण किरण गाठीपर्यंत पोचतात ते निरोगी भागातूनच. त्या भागाला किती सोसेल, यावर डोसची मर्यादा ठरते. म्हणून खरा प्रश्न असा: बाहेरचा डोस तेवढाच ठेवून परिणाम फक्त गाठीत वाढवता येईल का?

आता बघा, एक्स-रेच्या फोटोत हाड पांढरं का दिसतं? मांसात मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन असे हलके अणू. हाडात कॅल्शियम, अणुक्रमांक 20. जड अणू किरण जास्त अडवतात. हाफ्नियम या धातूचा अणुक्रमांक तर 72! त्याच्या ऑक्साइडचे सुमारे 50 नॅनोमीटरचे कण इंजेक्शननं थेट गाठीत सोडतात. एका मिलिमीटरच्या ओळीत असे 20,000 कण बसतील. किरण पडले की तिथे जास्त इलेक्ट्रॉन सुटतात. मशीन बंद झालं की कण नुसते पडून राहतात. ऑक्साइड निवडलं ते यासाठीच: ते स्थिर असतं, विरघळत नाही.

फ्रान्सच्या नॅनोबायोटिक्स कंपनीच्या या कणांची चाचणी मऊ ऊतींच्या सार्कोमावर झाली. निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासली, तेव्हा जिवंत कॅन्सरपेशी जवळपास उरल्याच नव्हत्या असे रुग्ण नुसत्या रेडिएशनच्या गटात 89 पैकी 7 होते. कण दिलेल्या गटात 87 पैकी 14. दुप्पट खरे, पण बहुसंख्य रुग्णांना हा पूर्ण परिणाम मिळाला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. शिवाय सुई पोचेल अशीच गाठ हवी. अंगभर पसरलेल्या कॅन्सरमध्ये प्रत्येक ठिकाणी असं टोचता येत नाही.

तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच, ‘‘लोहभस्म, यशदभस्म हीसुद्धा ऑक्साइडंच की!’’ नाव सारखं असलं तरी काम सारखं नाही. हे कण पोटात घ्यायचे नसतात, आणि किरणांशिवाय त्यांचा उपयोग शून्य. या संशोधनाचा आधार देऊन कुणी भस्म घ्यायला आणि रेडिएशन थांबवायला सांगत असेल, तर ऐकू नका.

यापुढे ‘नॅनोकणांनी कॅन्सर बरा’ अशी बातमी वाचलीत, तर तीन गोष्टी शोधा. प्रयोग माणसांवर झाला की फक्त उंदरांवर? तुलनेला दुसरा गट होता का? आणि नुसती गाठ आटली, की माणसं जास्त जगली?