जुन्या मोटारीची नवी काच

अकलूज हे सोलापूर जिल्ह्यातील नीरेकाठचे गाव. सभोवार उसाचे मळे आणि साखर कारखाने. गळिताचा हंगाम सुरू झाला, की येथील रस्त्यांवर उसाने भरलेल्या वाहनांची रीघ लागते. समजा, अशाच एका रस्त्याने एक जुनी फियाट मोटार चालली आहे. पुढच्या वाहनाच्या चाकाखालून एक खडा उडतो आणि मोटारीच्या डाव्या दारावर आदळतो. क्षणार्धात दाराची काच नाहीशी होते! आत बसलेल्या मुलाच्या मांडीवर मक्याच्या दाण्यांएवढ्या तुकड्यांचा सडा पडतो. परंतु त्याला थोडेसे खरचटण्यापलीकडे काही होत नाही. घरच्या खिडकीची काच अशी अंगावर फुटली असती, तर तिचे सुरीसारखे तुकडे हातात खोल रुतले असते.

फियाट ही मोटार सोलापूरकरांना परकी नाही. ज्या वालचंद हिराचंद यांनी ती या देशात बनविण्याची वाट मोकळी केली, त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. नीरेच्या खोऱ्यात, अकलूजपासून फार दूर नसलेले वालचंदनगर त्यांच्याच नावाने वसलेले आहे. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. तिचाच पुढचा अवतार म्हणजे पद्मिनी. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निघून गेली. गाडी बनणे थांबले, की तिचे सुटे भागही हळूहळू दुर्मिळ होतात. म्हणूनच अकलूजच्या त्या फियाटला नवी काच हवी असेल, तर बहुधा ती मुद्दाम करवून घ्यावी लागते.

येथेच एक मोह होतो. काचेच्या दुकानात खिडकीची साधी काच मिळते. दुकानदार तिच्यावर हिरकणी फिरवून हवा तो आकार कापून देईल, आणि तासाभरात गाडी पूर्ववत दिसू लागेल. खर्चही थोडा! पण ही काटकसर नव्हे. पुढचा खडा लागेल, तेव्हा काचेच्या सुऱ्या होऊन त्या आतल्या माणसावरच पडतील.

दाराची काच निराळी असते, ती तिच्या घडणीमुळे. बाजारात तिला ‘टफन काच’ म्हणतात. साधी काच भट्टीत सहाशे अंशांहून अधिक उष्णतामानापर्यंत तापवितात आणि बाहेर काढताच तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग लगेच निवतो व घट्ट होतो; आतला भाग मात्र अजून तापलेलाच असतो. तो मागाहून निवू लागला, की आकसू पाहतो आणि आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागाला आत ओढतो. अशा रीतीने बाहेरचा थर कायमचा दाबला जातो, तर आतला थर कायमचा ताणलेला राहतो. दाबलेल्या थरात चीर सहजासहजी पडत नाही, म्हणून ही काच साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत असते. पण चीर एकदा आतल्या ताणलेल्या थरापर्यंत पोचली, की कोंडलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि काचेचे बोथट दाणे होतात. ते डोळ्यांत गेले तर इजा करतातच, हेही खरे.

सतराव्या शतकात युरोपात याच गुणाचे एक खेळणे लोकांना चकित करीत असे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला, की बारीक शेपटीचा एक मणी तयार होई. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नसे. शेपटीचे टोक मोडले, की साऱ्या मण्याचे पीठ होई.

आता कारागिराची खरी अडचण ध्यानात येईल. टफन काच कापता येत नाही. तिच्यावर हिरकणी चालवून ती मोडू गेले, तर सगळीच फुटते. म्हणून आकार आधी कापायचा, कडा आधी घासायच्या, आणि मगच काच भट्टीत घालायची. माप चुकले, तर ती काच वाया गेली. पण जुनी काच तर दाणे होऊन पडलेली! मग माप कशाचे घ्यावे? त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या दारांच्या काचा सपाट असत. त्यामुळे उजव्या दाराची धड काच काढून जाड कागदावर तिचा साचा उतरवितात आणि तो उलटा करतात. झाला डाव्या काचेचा साचा!

काच येईपर्यंत दार उघडून ठेवतात. काच वरखाली करण्याचे हँडल बहुतेक जुन्या गाड्यांत बारीक खिळीने किंवा तारेच्या कडीने अडकविलेले असते. ते काढले, की दाराचे आतले आवरण सुटते. तळाशी साचलेले काचेचे दाणे वेचून काढावे लागतात, कारण तेथे दाराला लहान छिद्रे असतात. खिडकीच्या फटीतून आत शिरलेले पावसाचे पाणी त्यांतून वाहून जाते. ती बुजली, तर पाणी साचून पत्रा गंजतो. पुष्कळ जुन्या दारांचा घात काचेने नव्हे, तर अशा बुजलेल्या छिद्रांनी केलेला असतो.

नव्या काचेची खालची कड रबराची पट्टी लावून लोखंडी पन्हळीत बसवितात. पट्टीला साबणाचे पाणी चोळतात आणि लाकडी हातोडीने पन्हळीवर हलकेच ठोकतात. काचेच्या कडेवर मात्र घाव पडू देत नाहीत. या काचेचे मर्म तिच्या कडेत असते. मग काच बनातीचे अस्तर असलेल्या खाचांत सरकवून यंत्राच्या दांड्याला जोडतात आणि हँडल सावकाश फिरवून पाहतात. काच तिरपी न होता वरपर्यंत गेली, की कारागीर बंद खिडकीवर तांब्याभर पाणी ओततो आणि वाकून दाराच्या तळाकडे पाहतो. तेथून पाणी ठिबकू लागले, की मगच आवरण पुन्हा चढवितो.