गोंदिया जिल्ह्यातील डोंगरसहली आणि बोलींचे श्रवण

सकाळी निघून सायंकाळी परतावयाच्या सहलींना गोंदिया जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण भाग सोयीचा आहे. सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे हावडा–मुंबई लोहमार्गावरील स्थानक असून हाजरा धबधबा व कचारगडच्या गुहा त्याच्याच परिसरात येतात. दक्षिणेस नवेगाव बांध, प्रतापगड आणि गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आहे. ह्या स्थळांचे सृष्टिसौंदर्य सर्वश्रुत होय. परंतु अशा एका दिवसाच्या सहलीतून भाषाभ्यासकाच्या हाती काय लागते व काय लागत नाही, ह्याचा विचार क्वचितच होतो.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात तीन भाषाकुले नांदतात. झाडीबोली, पोवारी, हिंदी व छत्तीसगढी ह्या आर्यकुलातील, गोंडी द्राविडी, आणि प्रतापगडच्या परिसरात १९७२ साली स्थापन झालेल्या नॉर्गेलिंग वसाहतीत तिबेटी बोलली जाते. ‘पाणी’ हा शब्द झाडीबोलीत ‘पानी’ होतो, तर गोंडीत त्याच अर्थी ‘येर’ हा सर्वस्वी निराळा शब्द आहे.

तथापि सहलीस आलेल्या पाहुण्याच्या कानी पडते ती मुख्यतः पाहुण्याशी बोलण्याची भाषा. पारी कुपार लिंगोच्या कथेमुळे गोंडसमाजाला पवित्र असलेल्या कचारगडी माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतील गोंड एकत्र येतात. तेव्हा गोंडी आपसांतल्या व्यवहाराची भाषा म्हणून ऐकू येते. एरवी त्याच वाटेवर परक्याच्या प्रश्नाला उत्तर मिळते ते मराठीत किंवा हिंदीत. द्विभाषिक मनुष्य श्रोता पाहून भाषा निवडतो. म्हणून जी भाषा ऐकू आली नाही ती त्या गावी नाहीच, असे अनुमान सदोष ठरते. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लक्ष ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदविली, परंतु संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. अशा भाषेविषयी ‘येथे ती बोलली जात नाही’ अशी घाईची नोंद झाली, तर प्राथमिक शाळेत मुलांना घरची भाषा मिळावी ह्या मागणीविरुद्ध तीच पुरावा म्हणून पुढे केली जाण्याचा संभव असतो.

ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाचा द्राविडी भाषांचा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणातील नमुन्यांत उधळ्या पुत्राच्या दृष्टांताच्या भाषांतरांचा भरणा मोठा आहे. भाषांतरावरून व्याकरण कळते. कोण कोणाशी कोणती भाषा बोलतो हे कळत नाही.

मग अल्पकालीन भेट निरुपयोगी ठरते काय? तसे नाही. जपानचे लोकविद्यातज्ज्ञ यानागिता कुनिओ ह्यांनी ‘गोगलगाय’ ह्या एकाच अर्थाचे देशभरातील शब्द तुलनेस घेतले आणि १९३० साली ग्रंथरूपाने असे मांडले की, क्योतोच्या जवळ नवे शब्द, तर दूरच्या प्रदेशांत जुने शब्द टिकून राहतात. अशा अभ्यासात एका गावी दीर्घकाळ राहण्यापेक्षा अनेक गावांची नोंद अधिक महत्त्वाची असते. गोंदियाच्या अरण्यप्रदेशात मोहाचे झाड, त्याचे फूल व बी ह्यांची नावे ह्या कामास योग्य होत. कारण मोहाचा व्यवहार येथे सर्व भाषकांच्या घरी आहे.

प्रत्येक सहलीत दोन-तीन गावे घेऊन हीच तीन नावे विचारावीत. शब्दापुढे गावाचे नाव व दिनांक, आणि तो शब्द पाहुण्याला सांगितला की घरच्या माणसांच्या आपसांतील बोलण्यात ऐकला, एवढे अवश्य लिहावे. ह्या शेवटच्या तपशिलावाचून नोंदीचे मोल पुढील अभ्यासकास ठरविता येणार नाही.