उन्हातले घर आणि मुलांची शाळा

डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास मिळतो, तर जानेवारीतही स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मालागा शहरात दुपारचे तापमान १७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. एवढ्या एका फरकापोटी ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातील असंख्य कुटुंबांनी कोस्ता देल सोल आणि कोस्ता ब्लांका या स्पॅनिश किनारपट्ट्यांवर थंडीपुरते दुसरे घर घेतले आहे. हा प्रघात रुजवला तो मुख्यतः निवृत्तांनी. मात्र शाळकरी मुले असलेले कुटुंब त्याच वाटेने जाऊ लागले की हिशेब बदलतो. घराची मालकी, त्या देशात राहण्याचा हक्क आणि मुलांचे शिक्षण या तीन बाबी तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या कक्षेत येतात. पहिली पदरात पडली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही, आणि तिसरी बाब पहिल्या दोन्हींना आपल्यामागे ओढत नेते.

या तिन्हींत घरखरेदीच त्यातल्या त्यात सोपी आहे. परदेशी व्यक्तीला प्रथम ‘एनआयई’ हा ओळख क्रमांक काढावा लागतो, त्यानंतर वकिलामार्फत मालमत्ता नोंदणी कार्यालयातून ‘नोता सिंप्ले’ म्हणजे मालक कोण, कर्ज किती आणि बोजा कशाचा हे दाखवणारा उतारा घेतला जातो, आणि अखेरीस नोटरीसमोर खरेदीखत होते. इसार म्हणून बहुधा किमतीच्या १० टक्के रक्कम दिली जाते. खरेदीदाराने माघार घेतली तर ती बुडते, विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावी लागते. मालागा ज्यात येते त्या अंदालुसिया प्रदेशात जुन्या घरावर ७ टक्के हस्तांतरण कर असल्याने अडीच लाख युरोंच्या घरावर साडेसतरा हजार युरो कर लागतो; नोटरी, नोंदणी आणि वकील यांचा खर्च वेगळा. शिवाय घर भाड्याने दिलेले नसले तरी अनिवासी मालकाच्या नावावर गृहीत उत्पन्न धरले जाते. सरकारी मूल्यांकन एक लाख युरो असेल आणि त्याच्या १.१ टक्के उत्पन्न गृहीत धरले, तर ब्रिटिश मालकाला त्या ११०० युरोंवर २४ टक्के दराने वर्षाला २६४ युरो भरावे लागतात.

घर झाले तरी राहण्याची मुभा मिळतेच असे नाही. युरोपीय संघाबाहेर पडल्यापासून ब्रिटिश नागरिकांना व्हिसाशिवाय स्पेनसह सगळ्या शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि नोव्हेंबर ते मार्च हा हिवाळा सुमारे दीडशे दिवसांचा असल्याने पुरा हिवाळा त्यात बसत नाही. पाच लाख युरोंच्या मालमत्ता खरेदीवर निवास परवाना देणारा स्पेनचा ‘गोल्डन व्हिसा’ ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. नोकरी-धंदा न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आहे. पण २०२५ च्या निकषानुसार त्यासाठी अर्जदाराला दरमहा २४०० आणि प्रत्येक अवलंबितामागे आणखी ६०० युरो, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ४२०० युरो उत्पन्न दाखवावे लागते. स्वीडन व फिनलंड हे संघाचे सदस्य, आणि नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्याने तेथील नागरिकांना ही अडचण नाही, मात्र तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामासाठी त्यांनाही नोंदणी करावी लागते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी कुटुंबाला तर स्वतःच्या नावावरच्या घरी जाण्यासाठीही शेंगेन व्हिसा काढावा लागेल.

खरी गाठ पडते ती शाळेशी. इंग्लंडमध्ये शाळा सुरू असताना विनापरवानगी मुलांना सुट्टीवर नेल्यास ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, आणि तो २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड होतो. दोन पालक आणि दोन मुले असतील तर पहिल्याच खेपेस ३२० पौंड जातात. मुलाचे नाव शाळेतून काढून त्याला घरी शिकवण्याची तेथे कायदेशीर मुभा आहे, पण वसंतात परतल्यावर त्याच शाळेत जागा मिळेलच याची हमी नाही. स्वीडनमध्ये घरी शिक्षणाची परवानगी केवळ अपवादात्मक परिस्थितीत मिळते. उलट फिनलंडमध्ये सक्ती शिकण्याची आहे, शाळेत जाण्याची नव्हे, आणि नगरपालिका मुलाच्या प्रगतीवर देखरेख ठेवते. त्यामुळे एकाच वसाहतीत शेजारी राहणाऱ्या स्वीडिश आणि फिनिश कुटुंबांपुढचे प्रश्न वेगळे असतात.

मुलांना स्पेनमध्येच शाळेत घालायचे ठरवले तर ६ ते १६ वर्षे वयाच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे आणि सरकारी शाळांत मोफत आहे. प्रवेशासाठी नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत, म्हणजे ‘पाद्रोन’मध्ये, नाव असणे कामी येते, कारण घर शाळेजवळ असल्यास प्रवेशात प्राधान्य मिळते. मालागा भागात शिकवण्याची मुख्य भाषा स्पॅनिश असते, पण आलिकांते प्रांतात व्हॅलेन्सियन आणि बालेआरिक बेटांवर कातालान याही शाळेच्या भाषा आहेत, हे खरेदीदाराच्या उशिरा ध्यानात येते. कोस्ता देल सोलवरील फुएन्हिरोला गावात फिनिश आणि स्वीडिश शाळा असल्याने त्या देशांच्या मुलांना आपलाच अभ्यासक्रम चालू ठेवता येतो, आणि ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या खासगी शाळाही या किनाऱ्यावर बऱ्याच आहेत. तरीही वयाचा विचार सुटत नाही: सात-आठ वर्षांचे मूल नवी भाषा लवकर पकडते, मात्र १४ ते १६ या वयात इंग्लंडमधल्या जीसीएसई परीक्षेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच तोडल्यास त्याचे पुढचे शिक्षण अडखळते.

शाळेचा परिणाम करांपर्यंत पोहोचतो. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारी व्यक्ती स्पेनची कर-निवासी ठरते हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु जोडीदार आणि अज्ञान मुले नेहमी स्पेनमध्ये राहत असतील, तर कमावता पालक बाहेरदेशी असला तरी तोही स्पेनचाच निवासी आहे असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. तसे सिद्ध करता आले नाही, तर त्याच्या जगभरातल्या उत्पन्नावर स्पेनचा कर लागू होतो.

शिवाय मुलांच्या दृष्टीने घर कसे आहे, हे उन्हाळ्यात पाहून कळत नाही. दक्षिण स्पेनमधील अनेक घरे उष्णता बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली असतात. फरशा थंडगार, भिंतींना ओल, आणि मध्यवर्ती उष्णतेची सोय नाही, त्यामुळे जानेवारीत रात्री घरातही चांगलाच गारवा जाणवतो. ऑगस्टमध्ये गजबजलेल्या सुट्टीच्या वसाहती हिवाळ्यात ओस पडतात आणि मुलांना खेळायला सवंगडी मिळत नाहीत.

इंग्लंडमधल्या शाळेतच मूल ठेवायचे असेल, तर ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा, नाताळचे दोन आणि फेब्रुवारीतला एक, असे चारच आठवडे हिवाळी घर वापरात येते. तेवढ्यासाठी घर विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे बहुधा स्वस्त पडते. दलाल आधी घर दाखवतो आणि बाकीचे नंतर पाहू म्हणतो. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाने हा क्रम उलटा लावावा: आधी शाळा, मग निवासाचा हक्क, त्यानंतर कर, आणि हे तिन्ही जुळले तरच घर, तेही एक अख्खा हिवाळा त्याच गावात भाड्याने राहून झाल्यावर.